एकादशीची पाळत

लंकाबाईच्या रक्तातली साखर काही केल्या उतरेना, तेव्हा घरात चोर आहे याबद्दल पुंजारामला तिळभरही शंका उरली नाही.

आता हा पुंजाराम ताजनपुरे कोण, ते आधी सांगायला हवं. एसटीच्या तपासणी पथकात उभी हयात घालवलेला माणूस. त्र्यंबकचा रस्ता म्हणू नका, पिंपळगावचा म्हणू नका, कुठल्या वळणावर गाडीला हात दाखवायचा, वर चढल्यावर पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडे बघायचं, सगळं त्याला पाठ. "तिकीट काढलेला माझ्याकडं बघतो अन् न काढलेला खिडकीबाहेर," असं तो सांगायचा, आणि असायचंही तसंच. पण निवृत्त होताना माणसाने ती नजर डेपोत जमा करून यावं की नाही? याने ती घरी आणली. द्वारकेच्या चौकातून जरा आत वळलं की त्याची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर तो, बायको लंकाबाई, मुलगा सार्थक आणि सून योगिनी. भाजीवाला काटा सरळ धरतो का, दूधवाला दुधात काय ओततो, जिन्यात पानाची पिंक कुणी टाकली, सगळ्याची चौकशी पुंजारामकडे. शेजारीपाजारी तो समोरून येताना दिसला की उगाचच खिसे चाचपायचे.

तर लंकाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डावा जवळजवळ गेलेला, उजव्याने धुरातून बघितल्यासारखं दिसायचं. चहा कपाच्या शेजारी ओतायची. पातेलं समजून जाळावर हात ठेवला आणि पंजा भाजून घेतला. पोटचा मुलगा समोर उभा राहिला तरी तो बोलेपर्यंत ओळखायची नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, पण साखर इतकी असताना मी हात लावणार नाही. साखर खाली आणा आणि या. आणि फार रेंगाळू नका, मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी कडक झाला तर मलाही जड जाईल. दोनदा तारीख ठरली, दोन्ही वेळा साखर बघून परत पाठवलं. म्हणजे बघा, साखर उतरली तर डोळा मिळणार, नाहीतर बाई आंधळी होणार. इतका सरळ हिशोब होता.

हे ऐकलं आणि पुंजारामने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. जन्मात कधी पाण्याचा तांब्या हाताने न भरलेला माणूस, कंबरेला टॉवेल खोचून ओट्यापाशी उभा राहिला. मोबाइलवर 'निरोगी घर' नावाचा एक ग्रुप होता, तिथे रोज सकाळी सल्ल्यांचा पाऊस पडायचा. पुंजाराम ते कायद्यासारखे वाचायचा. साखर बंद. साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला बांधली असती, पण जानवं नव्हतं म्हणून करगोट्याला. भात बंद, मैदा बंद, बेकरीची बिस्किटं बंद. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी तेलाच्या चार थेंबांत, जेवणाआधी काकडी, जेवणानंतर पार्किंगमध्ये शतपावली. सकाळी अनशापोटी मेथ्यांचं पाणी. आणि खरं सांगायचं तर भाकरी त्याला बरी जमायला लागली होती. पहिल्या पहिल्यांदा नकाशे व्हायचे, पुढे पुढे फुगायलासुद्धा लागली.

शिवाय उपास. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, उपास म्हणजे पोटाला सुट्टी, उपासासारखा साखरेचा दुसरा वैरी नाही. पुंजारामला ते फारच पटलं. लंकाबाईचा त्र्यंबकराजाचा सोमवार आधीपासून होताच. त्याला याने गुरुवार जोडला, शनिवार जोडला, चतुर्थी आणि एकादशी तर आल्याच. मात्र उपासाच्या दिवशी त्याचा जीव कासावीस व्हायचा. बाई दिवसभर उपाशी, उद्या ऑपरेशनला अंगात ताकद नको? म्हणून त्या दिवशी तो हात सैल सोडायचा. शेंगदाण्याचं कूट घालून मऊसूत साबुदाण्याची खिचडी, भगर आणि आमटी, गुळातली रताळी, खजूर घालून राजगिऱ्याचे लाडू. साखरेचा एक दाणा घालायचा नाही हं! गूळ चालतो, तो नैसर्गिक असतो, असं ग्रुपवर आलं होतं.

इतकं करूनही, वर साखरेच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू असूनही, साखर चढलेलीच.

सार्थकने बोटाला टोचून साखर मोजायचं मशीन आणून दिलं होतं. पुंजारामने ते हातात घेतलं आणि गाडीत चढल्यागत अचानक तपासण्या सुरू केल्या. कधी भल्या सकाळी, कधी जेवणानंतर, कधी बाई टीव्हीपुढे बसलेली असताना. आकडा कधी बरा यायचा, कधी आभाळाला टेकायचा. आणि थोड्याच आठवड्यांत त्या तयार डोक्याने एक गोष्ट हेरली. साखर चढायची ती उपासाच्या दिवशी! सोमवारी चढलेली, मंगळवारी उतरलेली, गुरुवारी परत वर. दुसऱ्या कुणाच्या लक्षात हे आलं असतं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. पुंजारामने मांडीवर थाप मारली.

"सापडलं!" तो सार्थकला म्हणाला. "उपासाच्या दिवशी भूक निघत नाय तिला. त्याच दिवशी चोरून खाती. फुकट्यासुद्धा बाजाराच्या दिवशीच चढतो, गर्दीत खपून जावं म्हणून."

"अण्णा, आई कशाला चोरून खाईल?" सार्थक म्हणाला. "तिचाच डोळा आहे ना?"

"तेच तर! तिला वाटतं एका घासानं काय होतंय. सगळ्यांना असंच वाटतं."

चोर ठरला, आता माल पुरवणारा कोण ते बघायचं होतं. पहिला संशय सुनेवर. योगिनी बँकेत नोकरीला, पर्समध्ये चॉकलेट असायचं. पुंजाराम ती आंघोळीला गेली की पर्सच्या आसपास नाक फिरवायचा. दुसरा संशय खालच्या मजल्यावरच्या भागीबाईवर. भागीबाई लंकाबाईची जुनी मैत्रीण, रोज दुपारी वर येऊन बसायची, आणि तिच्या हातात सदा काहीतरी झाकलेलं. एकदा जिन्यात याने तिला अडवलंच.

"वाटीत काय हाय, वहिनी?"

"मीठ आहे हो भाऊ. उसनं नेलं होतं, परत द्यायला आलेय."

पुंजारामने बोट बुडवून जिभेवर ठेवलं. मीठच होतं. त्याने बाजूला होऊन वाट दिली, पण मनात म्हणाला, आज मीठ हाय, कालचं कुणी बघितलं?

गुळाच्या डब्याच्या झाकणावर त्याने डोक्याचा एक केस आडवा ठेवून पाहिला. डबा उघडला तर केस पडणार. संध्याकाळी केस जागच्या जागी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, डबा कुणी उघडला नाही. याने काय काढलं? चोर सराईत आहे, केससुद्धा परत ठेवतो. संशयाचं असंच असतं, पुरावा सापडला तरी वाढतो आणि नाही सापडला तर त्याहून वाढतो.

मधे एकदा लंकाबाई बोलायला गेली होती. गुरुवारची दुपार. भगरीचं ताट पुढ्यात, ती म्हणाली, "अहो, मला काय वाटतं, ह्या उपासाच्यानंच..."

"तू बोलूच नको," पुंजारामने तिथल्या तिथे तोडलं. "गाडीत चढलो की जो आधी बोलाया लागतो ना, त्याच्याकडंच तिकीट नसतं. गप जेव."

ती गप जेवली.

आणि मग तो दिवस उजाडला. शनिवार होता, योगिनीला सुट्टी होती, भागीबाई येऊन सोफ्यावर बसलेली. पुंजाराम बाहेरून आला तो त्याची नजर गेली लंकाबाईच्या गालावर. गाल हलत होता.

"काय चघळती?"

लंकाबाई काही बोलेना. तोंडात असल्यावर बोलणार तरी कशी?

"तोंड उघड."

"अहो अण्णा," योगिनी म्हणाली.

"तू थांब. तोंड उघड, लंका. जीभ वर कर."

लंकाबाईने दोघींच्या दिशेने बघितलं. धुरकट डोळ्यांना तिथे काय दिसलं असेल ते तिलाच ठाऊक. मग तिने तोंड उघडलं, लहान पोरीने मास्तरांपुढे उघडावं तसं, आणि पुंजारामने मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. दाढेखाली लवंग होती. दाढ ठणकत होती म्हणून धरली होती. भागीबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती उठून आत गेली. आणि पुंजाराम? चुकलं माझं, एवढे दोन शब्द तोंडून निघावेत ना माणसाच्या? "लवंग हाय म्हणून सुटली," म्हणाला आणि चपला काढायला वाकला.

त्या दिवसापासून लंकाबाईने बोलणं टाकलं. भांडण नाही, रुसवा नाही, आदळआपट नाही. हो आणि नाही, बास. जेवायला हाक मारली की येऊन बसायची, वाढलेलं सगळं खाऊन उठायची. आणखी वाढा म्हणाली नाही, पुरे म्हणाली नाही. भागीबाईचं वर येणंही थांबलं. पुंजारामला याचा अर्थ स्वच्छ दिसला. खाई त्याला खवखवे. चोरीचा रस्ता बंद झाला म्हणून बाई गप्प. पण बोटाला टोचलं की साखर चढलेलीच, म्हणजे रस्ता बंद झाला नाही, नुसता बदलला.

आता मात्र त्याला भीती वाटायला लागली. खरंच वाटायला लागली. बाई जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपून उतरायची. एक दिवस तिने देवापुढे निरांजन समजून उदबत्तीच्या घरालाच काडी लावली. रागाच्या भरात तो तिला लाख बोलायचा, पण बाथरूमकडे भिंत धरून जाताना तिची पाठ दिसली की तो पुढे होऊन वाटेतली खुर्ची बाजूला ओढायचा. ही आंधळी झाली तर? आपल्या डोळ्यांदेखत, एवढा पहारा ठेवून, ही आंधळी झाली तर? चोर पकडायलाच हवा. आणि तो पकडायचा दिवस त्याने ठरवला, एकादशी.

त्याचा बेत मोठा नामी होता. एकादशी कामाच्या वाराला आलेली. सार्थक आणि योगिनी सकाळीच बाहेर पडले. पुंजारामने त्यांच्या मागे दाराला कडी लावली, साखळी लावली, वर खुर्ची ओढून दाराला टेकवून बसला. गॅलरीचं दार आतून बंद. स्वयंपाकघरातला डबा न् डबा त्याने आदल्या संध्याकाळीच उघडून बघितला होता. लंकाबाईची उशी झटकली, गादी उलथली, देव्हाऱ्याच्या मागे हात घातला. गाडीला एकच दार, आणि दारात तपासनीस उभा. आज बघू, कोण चढतं आणि कोण उतरतं!

सकाळी बोटाला टोचलं. आकडा बरा होता. ठीक. इथून सुरुवात.

नाष्ट्याला साबुदाण्याची खिचडी, बटाटा घालून. वर एक पिकलेलं केळं. पुंजारामने स्वतः वाढलं, समोर बसला, तिचा हात ताटातून तोंडाकडे जाताना डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. पदराआड काही नाही, मुठीत काही नाही. लंकाबाई खाऊन उठली, खुर्चीत बसून जपमाळ ओढायला लागली.

मधेच बेल वाजली. पुंजाराम ताडकन उठला, साखळी न काढता फटीतून बघितलं. भागीबाई.

"एकादशीचं तीर्थ आणलं होतं हो, लंकाबाईंना."

"आज नको."

"अहो, नुसतं तीर्थ..."

"आज पाणीसुद्धा बाहेरचं नको, वहिनी," म्हणून त्याने दार लावलं. आतून लंकाबाईच्या माळेचे मणी ऐकू येत होते, एका लयीत, थांबले नाहीत.

दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. बाईने दोनदा वाढलेली भगर संपवली. मग घरातल्या घरात शतपावली, पुंजाराम मागे मागे. ती पुन्हा पुन्हा पाणी प्यायची, पुन्हा पुन्हा बाथरूमला जायची. तो दर खेपेला तिच्या मागोमाग आत शिरून साबणाची डबीसुद्धा उघडून बघायचा. सापडलं काय तर साबण. उन्हं कलली तशी त्याने गुळातली रताळी दिली आणि राजगिऱ्याचा लाडू. लाडू हातावर ठेवताना त्याला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं. बिचारी किती गुपचूप खाते. आज ही निर्दोष सुटली तर बरं, असं त्याच्या मनात आलं. मग संशय योगिनीवर येईल, पण सुनेचं बघता येईल.

दिवेलागणीला त्याने मशीन काढलं. लंकाबाईने न सांगता बोट पुढे केलं. थेंब आला, पट्टीला लागला, मशीनने टुक केलं आणि आकडा दाखवला. तीनशेच्या पुढे.

पुंजारामने मशीन हलवलं. पट्टी बदलली, पुन्हा टोचलं. पुन्हा तीनशेच्या पुढे. मग मशीनवर संशय आला म्हणून स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. दिवसभर त्याने तिच्याबरोबर तेच खाल्लं होतं, पण त्याला साखरेचा आजार नव्हता. त्याचा आकडा सुतासारखा सरळ आला. मशीन खोटं नव्हतं.

तो खुर्चीत बसला. सकाळपासूनचा एकेक क्षण त्याने मनात परत चालवला. दार बंद होतं. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही. गादीखाली काही नव्हतं, पदराआड काही नव्हतं. गाडीत दोनच माणसं होती. त्यातल्या एकीने स्वतःहून काही हातात घेतलं नव्हतं. जे दिलं ते...

कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपणाला आत्ता कळलं.

"सापडला का?" लंकाबाई म्हणाली. इतक्या आठवड्यांत तिने आपणहून विचारलेलं हे पहिलंच.

"कोण?"

"चोर."

"दार बंद व्हतं," पुंजाराम कसाबसा म्हणाला. "तू काय खाल्लंच नाय."

"खाल्लं की. ताटभर खिचडी, वर केळं. भगर. रताळी. लाडू. पोटाला तडस लागलीय माझ्या."

"ते उपासाचं व्हतं, लंका. उपासाला चालतं ते."

"देवाला चालतं. माझ्या रक्ताला चालतं का, ते कुणी इचारलं?"

बाहेर द्वारकेच्या चौकातले हॉर्न एकमेकांवर चढत होते.

"तुला ठावं व्हतं?"

"माझ्या अंगाला ठावं व्हतं. उपास आला की जीभ टाळूला चिकटती, डोकं गरगरतं, पाणी पिऊन पिऊन जीव जातो. भाकरी खाल्ली त्या दिवशी काय व्हत नाय. त्याला काय डॉक्टर लागतो?"

"मग सांगायचं नाय का?"

"सांगाया आले व्हते. तुम्ही म्हणाला, जो आधी बोलतो त्याच्याकडं तिकीट नसतं." लंकाबाईने माळ डबीत ठेवली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तरी परत सांगितलं असतं. पण तुम्ही तोंड उघडाया लावलं मला. भागीबाईसमोर, सुनेसमोर, बत्ती लावून. त्या दिवशी म्हटलं, आता हे तोंड खायापुरतं उघडायचं, बोलाया नाय. तुम्ही वाढाल ते खायाचं. बघू, सगळ्या जगाची झडती घेऊन झाली की हा माणूस स्वतःकडं कवा वळतो."

"अन् डोळा? डोळा गेला असता तुझा!"

"गेला असता."

दूध नासलं असतं, असं म्हणावं तसं म्हणाली ती. पुंजारामने तिच्याकडे पाहिलं. आणि त्याच्या लक्षात आलं की या सगळ्या महिन्यांत त्याने तिच्या मुठी पाहिल्या, पदर पाहिला, गाल पाहिले, जीभ वर करून पाहिली, पण ज्या डोळ्यासाठी एवढा खटाटोप, तो डोळा एकदाही नीट पाहिला नव्हता. तो जवळ सरकला. डाव्या डोळ्याची बाहुली काळी राहिलीच नव्हती. दुधावर साय धरावी तशी पांढरी झाली होती. उजव्यातही तीच साय कडेने चढत होती.

"उद्या डॉक्टरीणबाईकडं जायचं हाय ना," लंकाबाई म्हणाली. "मी एकटी आत जाणार. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसायचं."

आजवर दवाखान्यात तिच्या वतीने तोच बोलायचा. काय खाता, किती चालता, झोप लागते का, सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे. तो म्हणाला, "बरं."

साखरेवर औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंजारामने तिला दारापर्यंत हाताला धरून नेलं, दारात हात सोडला आणि बाकड्यावर येऊन बसला. आत जाऊन ती काय सांगणार ते त्याला दिसत होतंच. नवऱ्याने उपासाच्या नावाखाली काय काय चारलं, कशी झडती घेतली, सगळं सांगेल. सांगू दे. डॉक्टरीणबाई तोंडाच्या फटकळ, बाहेर येऊन चार माणसांत झापतील. झापू दे. रांगेतले सात-आठ जण त्याच्याकडेच बघतायत असं त्याला वाटत होतं, आणि जन्मात पहिल्यांदा तोच खिडकीबाहेर बघत होता.

दार लोटलेलं होतं, पण नीट लागत नव्हतं. आतलं बोलणं तुटक ऐकू येत होतं. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला आणि सगळंच ऐकू यायला लागलं.

"चोरून? अहो आजी, या वयात चोरून गोड खाता? आणि ते तुमचे मिस्टर बिचारे स्वतः भाकऱ्या थापतात तुमच्यासाठी!"

लंकाबाई काहीतरी बोलली, ते कळलं नाही.

"चुकलं म्हणून कसं चालेल? भाकरी-भाजीवर राहून वर एवढं गोड खात असाल, तर ह्या गोळ्यांनी काही होणार नाही. डोस वाढवते. तरी नाही उतरली तर इंजेक्शनं सुरू करावी लागतील. आणि डोळ्याच्या ऑपरेशनचं आता इतक्यात नावसुद्धा काढू नका. तुमच्यावर भरवसा कसा ठेवायचा मी?"

बाकड्यावरची माणसं गालातल्या गालात हसायला लागली. शेजारी बसलेल्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने पुंजारामच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमच्या घरी पण हेच हाय, पाव्हणं," तो म्हणाला. "आपण किती जपा, बायका ऐकत नाहीत. चोरून खातातच."

पुंजाराम त्याच्याकडे बघत राहिला. इतके महिने ज्या कबुलीसाठी तो जिवाचं रान करत होता, ती कबुली आत, दाराच्या पलीकडे, चार माणसांना ऐकू जाईल अशी चालू होती. बायकोने चोरीचा आळ आपल्या हाताने उचलून अंगावर घेतला होता. घरात त्याला सोलून काढलं होतं, आणि बाहेरच्या बाईपुढे त्याच्या नावाला ओरखडासुद्धा उमटू दिला नव्हता. आता याने नुसतं बसून राहायचं होतं. सगळे त्याला बिचारा म्हणत होते.

आत कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. वाढीव डोस लिहिला जात होता.

पुंजाराम उठला. त्याचा नंबर नव्हता, बाकड्यावरून कुणीतरी "अहो, लायनीत या" म्हणालंही. त्याने दार पूर्ण उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. लंकाबाईने पावलं ओळखली आणि भुवया आक्रसून, मान हलवून त्याला नको नको अशी खूण केली.

"बाई, ते लिवू नका," पुंजाराम दारातूनच म्हणाला, बाकड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ही खोटं बोलती. हिनं कणभरही चोरलेलं नाय. मीच चारलं हिला."